ड्रमचा गेम दुकानातून गेला. मग वर्सोव्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवायचा कसा?

5 ऑक्टोबर 2025 ला 'रॉक बँड 4' हा व्हिडिओ गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकण्यात आला. तो आला होता 6 ऑक्टोबर 2015 ला. म्हणजे दहा वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्यही बघू दिला नाही. गेमसोबत येणाऱ्या गाण्यांचे हक्क दहा वर्षांसाठी घेतले होते. मुदत संपली, विक्री संपली. ज्यांनी आधीच विकत घेतलाय त्यांना तो पुन्हा डाउनलोड करता येतो, पण नवीन माणसाला दार बंद. त्यानंतर वेगवेगळ्या वेळी विकायला आलेली सुटी गाणीही, ज्याची त्याची दहा वर्षं भरतील तशी, एकेक करून जाणार आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हा गेम खेळणारे किती? मुद्दा रास्त आहे. आपल्याकडे गेम म्हणजे मुख्यतः मोबाईल. पण या बातमीत अडकलेला एक प्रश्न वर्सोव्यात, यारी रोडला, सात बंगल्याला राहणाऱ्या बऱ्याच लोकांचा आहे. हा भाग गायक, वादक, अभिनेते आणि त्यातलं काहीतरी होऊ पाहणाऱ्यांनी भरलेला आहे. आराम नगरच्या गल्ल्यांत दिवसभर ऑडिशन आणि तालमी चालतात, आणि रात्री हेच लोक तिघे-चौघे मिळून घेतलेल्या वन बीएचकेमध्ये परततात. गिटार घरी वाजवता येते, कीबोर्डला हेडफोन लावता येतो. ड्रमचं काय? खरा ड्रमसेट ठेवायला जागा नाही, आणि जागा असली तरी खालच्या मजल्यावरचे काका आहेत.

म्हणूनच गेमचा ड्रम कंट्रोलर हा पर्याय दरवेळी समोर येतो. त्याने खरंच ड्रम येतो का, आणि घ्यायचाच तर कोणता घ्यावा की तो पाच वर्षांनी भंगारात जाणार नाही, हे समजून घेऊ.

हा खेळ नेमका असतो काय?

स्क्रीनवर एक रस्ता दिसतो. त्यावरून रंगीत ठिपके तुमच्याकडे सरकत येतात. ठिपका खालच्या रेषेवर आला की त्या रंगाच्या पॅडवर काठी मारायची. वेळ जुळली तर गुण, चुकली तर गाण्यातला ड्रमचा आवाज तेवढ्यापुरता गायब. पायाखाली एक पेडल असतं, ते ढोबळ 'धम्म' आवाजासाठी, म्हणजे किक ड्रमसाठी.

याची सुरुवात जपानमधली. कोनामी कंपनीने 1999 मध्ये 'ड्रममेनिया' नावाचं आर्केड मशीन आणलं. 2001 मध्ये नामको कंपनीचं 'ताइको नो तात्सुजिन' आलं. त्यात जपानी ताइको ढोलासारखा एकच मोठा ढोल असतो. मधोमध मारलं की 'दोन', कडेला मारलं की 'का'. लाल ठिपका म्हणजे दोन, निळा म्हणजे का. जपानमध्ये ताइको शिकवतानाही ताल आधी तोंडाने म्हणून घेतात. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडात बसवतात तसंच. त्यामुळे ताशाची काडी धरलेल्या मराठी पोराला या मशीनसमोर उभं केलं तर समजवायला फार काही लागणार नाही.

अमेरिकेत गोष्ट गिटारने सुरू झाली. हार्मोनिक्स या कंपनीने बनवलेला 'गिटार हीरो' 2005 मध्ये आला आणि तुफान चालला. त्याच हार्मोनिक्सने 2007 मध्ये 'रॉक बँड' आणला, ज्यात गिटारसोबत माईक आणि चार पॅडचा प्लास्टिक ड्रमसेट होता. पुढच्या वर्षी 'गिटार हीरो'नेही ड्रम आणला, तीन पॅड आणि दोन झांजांचा. दोन-तीन वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत हा प्लास्टिकचा पसारा जमला, मग बाजार एकदम बसला. फेब्रुवारी 2011 मध्ये ॲक्टिव्हिजनने 'गिटार हीरो'चा विभागच बंद केला. 2015 मध्ये दोन्ही गेमनी पुनरागमनाचा प्रयत्न केला, त्यातलाच एक म्हणजे आता गेलेला 'रॉक बँड 4'.

याने खरा ड्रम येतो का?

गिटारच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: नाही. गेमच्या गिटारवर पाच बटणं असतात, खऱ्या गिटारला सहा तारा. बटणावरचं बोट तारेवर काही कामाचं नसतं. ड्रमचं मात्र वेगळं आहे. गेममधला लाल पॅड म्हणजे स्नेअर, पिवळा म्हणजे हाय-हॅट, पाय म्हणजे किक. सगळ्यात वरच्या पातळीवर खेळताना तुम्ही जवळपास तेच वाजवत असता जे मूळ ड्रमरने वाजवलंय. हात-पाय वेगवेगळे चालवणं हे ड्रम शिकणाऱ्याचं पहिलं दुखणं असतं. उजवा हात सरळ मोजत राहतो, डावा मध्येच एकदा पडतो, पाय तिसरंच काहीतरी करतो. हे दुखणं गेममध्ये गाणी ऐकता ऐकता बरंचसं निघून जातं. प्लास्टिकच्या त्या सगळ्या खेळण्यांत ड्रम हे एकच खेळणं वाद्याच्या इतकं जवळ आहे.

पण जवळ आहे म्हणजे तेच नाही. गेमला फक्त एवढंच कळतं की मारलं की नाही मारलं, आणि वेळेवर मारलं की नाही. हळू मारलं की जोरात, याच्याशी जुन्या प्लास्टिक पॅडवर खेळताना गेमला फारसं देणंघेणं नसतं. खऱ्या ड्रममध्ये निम्मी मजा तिथेच आहे. काठी कशी धरली, मनगट वापरलं की खांदा, हे गेम बघत नाही. मनगट दुखायला लागलं की मगच कळतं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र लयीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. बँडमध्ये बाकीचे सगळे ड्रमरच्या भरवशावर असतात. लय त्याने सांभाळायची असते. गेममध्ये हे उलटं होतं. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं आहे, ते तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पळणारही नाही. तुम्ही दोनशे गाणी शंभर टक्के खेळलात तरी एकदाही लय स्वतःच्या जबाबदारीवर धरलेली नसते. गेममध्ये निष्णात झालेला माणूस पहिल्यांदा जॅमरूममध्ये बसला की दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं पळायला का लागतं, याचं कारण हेच.

उपाय कुठल्याही तबल्याच्या गुरुजींना विचारा, ते हसतील. लेहरा लावा किंवा साधा मेट्रोनोम लावा आणि स्क्रीन बंद करून तेच पाच मिनिटं वाजवा. मग मेट्रोनोमही बंद करून वाजवा. गेम हा रियाज नाही, रियाजाला बसायची गोडी लावणारी गोष्ट आहे. आणि गोडी लागणं हे काही कमी नसतं. महिन्याभरात धूळ खात पडलेली वाद्यं या भागातल्या किती फ्लॅटमध्ये असतील, याचा विचार करून बघा.

हा कंट्रोलर तुम्ही आधीच पाहिलाय

ड्रम कंट्रोलर म्हटलं की काहीतरी परदेशी वाटतं. पण तुम्ही मुंबईत एकाही हळदीला, ऑर्केस्ट्राला किंवा बेंजो पार्टीला गेला असाल तर तो तुम्ही पाहिलेला आहे. ऑक्टोपॅड! स्टँडवर ठेवलेली, आठ चौकोनी रबरी पॅड असलेली ती काळी पेटी. त्यातून ढोलकी, कच्छी ढोल, टाळ्या, झांजा, ज्याला जे हवं ते निघतं.

रोलँड कंपनीने पहिला ऑक्टोपॅड 1985 मध्ये काढला, पॅड-8 नावाचा. गंमत म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त 'कुठल्या पॅडवर किती जोरात मारलं' हा निरोप वायरने दुसऱ्या यंत्राला पाठवायचा, आवाज ते दुसरं यंत्र काढायचं. म्हणजे तो शब्दशः कंट्रोलरच होता. नंतरच्या काही मॉडेलमध्ये आवाज आतच आले आणि आपल्याकडच्या वादकांनी त्याला पार देशी करून टाकलं.

हा निरोप ज्या भाषेत जातो तिला मिडी म्हणतात. 1983 पासून ती वापरात आहे आणि कुठल्याही एका कंपनीच्या मालकीची नाही. भाषा साधी आहे. प्रत्येक वाद्याला एक आकडा: किक 36, स्नेअर 38, बंद हाय-हॅट 42. सोबत जोर किती, याचा 1 ते 127 मधला आकडा. बस. 1985 चं यंत्र आजच्या लॅपटॉपला जोडलं तरी लॅपटॉपला ते कळतं.

आता याची तुलना 'रॉक बँड'च्या प्लास्टिक ड्रमशी करा. तो एका कन्सोलसाठी बनलेला असतो, दुसऱ्यावर चालेलच असं नाही. प्लेस्टेशन 3 आणि वीच्या वायरलेस ड्रमसोबत एक यूएसबी डोंगल यायचा, तो हरवला की अख्खा ड्रम मुका. 'रॉक बँड 4'चे ड्रम मॅड कॅट्झ कंपनीने बनवले होते, ती 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे आज सेकंडहँड बाजारात फिरतायत ते जुनेच, कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेले ड्रम. परदेशातून कुणी नातेवाईक आणत असेल तर त्याला सांगा, डोंगल आणि पेडल आहे का ते आधी बघ. पेडल बहुधा मधोमध तुटलेलं असतं, कारण प्लास्टिकवर दिवसाला हजार वेळा पाय आपटल्यावर दुसरं काय होणार.

'बाय नाऊ' म्हणजे लीव्ह अँड लायसन्स

गेमचं दुकानातून जाणं आपल्याला विचित्र वाटतं, कारण आपण 'विकत घेतलं' असं समजतो. प्रत्यक्षात आपण वापरायची परवानगी घेतलेली असते. वर्सोव्यात भाड्याने राहणाऱ्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असतो तसंच हे. राहता तुम्ही, पडदे तुमचे, पण भिंत तुमची नाही. फरक इतकाच की इथे ब्रोकर निदान सही घेताना कागद समोर ठेवतो.

याच मुद्द्यावर जगात सध्या बरंच काही चालू आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून नवा कायदा लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ती मालकीने मिळत नसून परवाना मिळतोय, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेने जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यांची मागणी अशी की कंपनीने गेमला आधार देणं थांबवलं तरी ज्यांनी पैसे मोजले त्यांना तो खेळता आला पाहिजे. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथांविरुद्ध दाद मागता येते, पण 'विकत घ्या' या बटणाबद्दल असा नेमका नियम नाही.

संगीताच्या गेमला हा फटका इतरांपेक्षा जास्त बसतो. गाडीच्या शर्यतीच्या गेममधून एखादं गाणं काढलं तर गाडी पळतेच. इथे गाणं हाच गेम आहे. आणि प्रत्येक गाण्यामागे किमान दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा. दोन्हीकडून परवानगी, दोन्हीकडे पैसे, दोन्हीला मुदत. कंपनी चालू असेपर्यंत नूतनीकरण होतं. हार्मोनिक्स 2021 मध्ये 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने विकत घेतली, आणि 'रॉक बँड 4'साठी नवीन गाणी येणं जानेवारी 2024 मध्येच थांबलं होतं. एवढ्या जुन्या गेमसाठी पुन्हा करार कोण करत बसणार?

मध्येच एक शंका मिटवून टाकू, कारण ऑगस्ट 2025 पासून ती बऱ्याच घरात विचारली जातेय. केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, मग असले गेम चालतात का? चालतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रमवर ठिपके मारण्यात पैसे लागलेले नसतात, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नाही. घरातल्या मोठ्यांना 'बंदी आलीय' म्हणून ड्रम बंद करायचा असेल तर त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल.

ते दुसरं कारण: आवाज

आणि ते खरं कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. 2010 च्या दुरुस्तीने रात्री लाउडस्पीकरसोबत वाद्यं वाजवण्यावरही बंधन आणलं. खरा ड्रमसेट सहज शंभर डेसिबलच्या घरात जातो, म्हणजे भर दुपारीही सोसायटीत त्याला जागा नाही.

रबरी किंवा जाळीच्या पॅडचा आवाज हवेतून फार जात नाही. हेडफोन लावला की खोलीतल्या माणसाला फक्त टकटक ऐकू येते. पण इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेजाऱ्याला त्रास हवेतून जाणाऱ्या आवाजाचा होत नाही, स्लॅबमधून जाणाऱ्या धक्क्याचा होतो. किक पेडलचा प्रत्येक ठोका फरशीवर पडतो आणि खालच्या घरात तो छतावर कुणीतरी मुसळाने कांडतंय असा पोहोचतो. तुम्हाला वर वाटतं आपण किती शांत खेळतोय! जाड रबरी मॅट घातली तर थोडा फरक पडतो. ड्रमर लोकांचा जुना जुगाड त्याहून चांगला आहे: प्लायच्या दोन फळ्या, मधे अर्धे कापलेले टेनिस बॉल, आणि त्यावर सगळा सेट. बॉल धक्का पिऊन टाकतात. खर्च प्लायचा, आणि गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांची थोडी नाराजी.

ब्लूटूथ इअरफोन मात्र यासाठी वापरू नका. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. सिनेमा बघताना फोन ते सांभाळून घेतो, पण काठी पडल्यावर 'टक' उशिरा ऐकू आलं तर हात आपोआप चुकायला लागतो. वायरचा हेडफोन घ्या. टीव्हीचंही तसंच. चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही काही क्षण घेतो, म्हणून त्यातला गेम मोड चालू करायचा आणि गेममधलं कॅलिब्रेशन एकदा नीट करायचं. 'मला तालच नाही' असं म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी काही जणांचा ताल बरोबर असतो, टीव्हीचा चुकलेला असतो.

मग घ्यायचं काय?

माझं मत विचाराल तर जुना प्लास्टिक ड्रम महागात घेऊ नका. फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळाला तर मजेसाठी घ्या. पैसे घालायचेच असतील तर मिडी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये घाला. त्याला पैसे जास्त लागतात, हे खरं. पण गेमचा कंटाळा आला तरी ते वाद्यच राहतं, त्यावर क्लास लावता येतो, रेकॉर्डिंग करता येतं, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं. आणि घरात कुणाचा ऑक्टोपॅड असेल तर आधी त्याची मागची बाजू बघा. मिडी आउट लिहिलेलं भोक असेल तर एक यूएसबी-मिडी केबल लावून तो लॅपटॉपला जोडता येतो. किकसाठी पायाचं पेडल वेगळं लावावं लागेल, एवढंच.

गेम कुठला? कंपन्यांनी सोडून दिलेली जागा चाहत्यांनी भरून काढली आहे. 'क्लोन हीरो' हा कॉम्प्युटरवर चालणारा मोफत गेम आहे. 'यार्ग' नावाचा दुसरा तर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. दोन्हींना मिडी ड्रम चालतो, आणि दोन्हींसोबत परवानगी घेतलेली काही गाणी येतात. बाकी गाणी लोक स्वतः बनवून वाटतात आणि तिथे सावध राहा. ठिपक्यांची फाईल वेगळी आणि गाण्याचा ऑडिओ वेगळा. कुणाच्या तरी मालकीचा ऑडिओ असा फिरवणं हे कॉपीराइटच्या दृष्टीने सरळ उल्लंघन ठरू शकतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं असतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं. म्हणजे पारंपरिक चालीवर कुणाचा हक्क नसला, तरी ती चाल ज्या कॅसेटवर तुम्ही ऐकलीय त्या कॅसेटवर असू शकतो.

हे सांगायचं कारण, ठिपके स्वतः बनवता येतात आणि तिथे मराठी गाण्याला कुणी अडवत नाही. वर्सोवा म्हणजे मूळचं वेसावे. 'वेसावकर आणि मंडळी' याच गावची, ज्यांच्या कोळीगीतांच्या कॅसेट महाराष्ट्रभर वाजल्या. कोळीवाड्यातल्या मित्राकडून, त्याच्या बँडच्या परवानगीने, त्यांनी स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग घेतलंत तर त्याचा चार्ट तुम्ही घरी बनवू शकता. मूनस्क्रेपर नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. त्यात प्रत्येक मात्रेचे 192 भाग केलेले असतात आणि त्या बारीक पट्टीवर तुम्ही ठिपके ठेवत जाता.

खरी मेहनत ठिपके ठेवण्यात नाही, त्याआधी आहे. कोळीगीत बहुतेकदा सहाच्या झोक्यात चालतं, सॉफ्टवेअर मात्र सुरुवातीला चारचं गणित धरून बसलेलं असतं, ते आधी बदलावं लागतं. आणि वरातीतला बँड काही मेट्रोनोम लावून वाजवत नाही. नाचणाऱ्यांना जोर चढला की लय चढते, आणि पुन्हा धृपदावर येताना जरा सैल होते. त्यामुळे आवर्तनागणिक कानाने ऐकून, पहिली मात्रा कुठे पडली ते शोधून, तिथे लयीचा आकडा बदलत जावं लागतं. चार मिनिटांच्या गाण्याला एखादी अख्खी संध्याकाळ जाते. लय म्हणजे काय हे त्या एका संध्याकाळी जितकं कळतं तितकं महिनाभर गेम खेळून कळत नाही, आणि खालच्या काकांना त्याचा काडीइतकाही आवाज जात नाही.